मत फोटोला पडलं की किल्ल्याला? एका नव्या व्होटिंग साइटला फीडबॅक देतानाचं पूर्ण प्रकरण

२०२५ च्या दिवाळीआधी दहा-बारा दिवस रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा मेसेज आला, "मावशी साइट झाली, बघ आणि फीडबॅक दे, खरा दे", आणि खाली लिंक. मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेय त्यामुळे घरात कुणीही काही ॲप वगैरे बनवलं की ते माझ्याकडे येतंच, पण ही साइट आमच्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीसाठी होती, दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात त्यांच्या स्पर्धेसाठी. त्या दिवसांत मी काय सांगितलं, कुठे चुकले, त्याने काय ऐकलं आणि काय नाही ऐकलं हे सगळं लिहून ठेवतेय, कारण दोन फोटो दाखवायचे आणि लोकांची मतं घ्यायची अशी साइट आता कॉलेजातली पोरं दोन-तीन आठवड्यांत उभी करतात आणि ती बघून "मस्त झालीय रे" याच्या पुढे काय बोलायचं ते बऱ्याच जणांना सुचत नाही, मलाही पहिल्या फेरीत नीट सुचलं नव्हतं.

आधी थोडं मागचं. भाच्याचा ट्रेकिंगचा ग्रुप आहे पुण्यात, ते दरवर्षी आजूबाजूच्या सोसायट्या आणि वाड्यांमधल्या मुलांसाठी किल्ला स्पर्धा घेतात. तीन परीक्षक, दोन संध्याकाळी, स्कूटरवर. आदल्या वर्षी ४८ किल्ले होते आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या दहा-बारा किल्ल्यांपाशी पोचेपर्यंत अंधार झालेला, तिथे दोन-दोन मिनिटं थांबून पुढे. पोरांनी आठवडाभर माती कालवायची, गोणपाटावर चिखल थापायचा, हळीव पेरून रोज पाणी शिंपडायचं, रात्री मांजर-कुत्रं येऊन तट पाडू नये म्हणून आळीपाळीने राखण करायची, आणि परीक्षक दोन मिनिटांत निघून गेले की मग आईवडिलांची तोंडं उतरतात, भांडणं होतात. त्यात २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी, त्यामुळे यंदा पोरांचा उत्साह जास्त असणार आणि प्रवेशिका वाढणार हे ग्रुपला दिसत होतं. म्हणून ही साइट. दोन किल्ल्यांचे फोटो, वर प्रश्न "कोणता भारी?", ज्याच्यावर बोट ठेवाल त्याला मत, लगेच पुढची जोडी. एक टॅब रँकिंगचा, तिथे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे किल्ले लाइव्ह. आणि प्रत्येक किल्ल्याखाली बटण, "शेअर करा, मतं मिळवा". टेस्टिंगसाठी त्याने आदल्या वर्षीचेच ४८ फोटो टाकले होते.

मी रात्री एक वाजेपर्यंत बसून शीट भरली. २७ मुद्दे. प्रत्येकाला स्क्रीनशॉट, प्रत्येकाला सिव्हिअरिटी, म्हणजे चूक किती गंभीर ते. त्याचा रिप्लाय आला "ओके मावशी, थँक्स, बघतो", आणि दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन, "तू काय पाठवलंस गं त्याला, तो म्हणतो यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू".

मी ती शीट पुन्हा उघडली आणि मला वाईट वाटलं. २७ पैकी १९ मुद्दे फॉन्ट, रंग, शुद्धलेखन, बटणाचा कोपरा असले होते, आणि जे दोन मुद्दे खरंच गंभीर होते ते २२ व्या आणि २५ व्या ओळीत पडलेले, कारण मी स्क्रीन वरून खाली बघत गेले आणि दिसेल तसं लिहीत गेले. ऑफिसात असं चालतं कारण तिथे मधे मॅनेजर असतो, तो ठरवतो आधी काय, आणि डेव्हलपरला त्या कामाचा पगार असतो. इथे एक पोरगा नोकरी करून रात्री अकरा ते दोन बसत होता आणि त्याच्याकडे नऊ दिवस उरले होते. त्याला २७ चुका कशाला हव्यात, त्याला हे कळायला हवं होतं की या नऊ दिवसांत काय नाही केलं तर स्पर्धा बिघडेल.

मग मी त्याला फोन केला, शीट बाजूला ठेव म्हटलं, आणि एकच प्रश्न धरून नव्याने बघायला लागले. या साइटमुळे शेवटी कुठल्या तरी पोरांना बक्षीस मिळणार आहे, ते चुकीच्या किल्ल्याला जाईल असं यात काय काय आहे? रंग आवडला नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. निकाल चुकला तर नऊ वर्षांचं पोर रडतं.

आईच्या हातात फोन दिला

माझी आई ७१ वर्षांची आहे, व्हॉट्सॲप चांगलं वापरते. तिला लिंक उघडून दिली, काही समजावून सांगितलं नाही, आणि शेजारी गप्प बसले. गप्प बसणं फार अवघड जातं पण फीडबॅक देणाऱ्याने हे एकदा तरी करावंच, कारण आपल्याला स्वतःला साइट कशी चालते ते माहीत झालेलं असतं.

आईने पहिली जोडी बघितली, "हा रायगड आहे वाटतं, जरा मोठा करून बघते" म्हणाली आणि फोटोवर बोट टेकवलं. रायगडाला मत पडलं. पुढची जोडी आली. आईला कळलंच नाही की मत गेलं, तिला वाटलं फोटो गायब झाला. परत तेच. सहा जोड्यांपैकी चार वेळा तिला फोटो मोठा करून बघायचा होता आणि चारही वेळा मत पडलं. तिची काही चूक नाही, फोनवर आपण सगळे फोटोला टॅप केलं की तो उघडतो याच सवयीचे आहोत, आणि ही साइट त्याच टॅपला मत समजत होती. म्हणजे ज्या किल्ल्यात बघण्यासारखं बारीक काम जास्त, त्याच्यावर जास्त लोक टॅप करणार, मत द्यायचं असो वा नसो. वर मागे जायची सोयही नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या लॅपटॉपवर कधीच दिसली नसती. लॅपटॉपवर फोटो शेजारी-शेजारी, फोनवर मात्र एकाखाली एक, आणि आईच्या फोनवर खालचा फोटो अर्धाच दिसत होता, पूर्ण बघायला स्क्रोल करावं लागे. मी घरातल्या पाच जणांना त्यांच्या त्यांच्या फोनवर बसवलं आणि वहीत रेघा मारत गेले. ४१ मतं झाली, त्यातली २९ वरच्या फोटोला. पाच माणसांवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण इतकं झुकलेलं दिसलं की आधी तपासावं. भाच्याच्या कोडमध्ये वर कोण येणार हे यादीतल्या नंबरावरून ठरत होतं, लहान नंबर वर. म्हणजे ज्याने आधी फोटो पाठवला तो कायम वर, आणि वरच्याला मतं जास्त. प्रवेशिका पहिल्या दिवशी भरणाऱ्याला घरबसल्या बक्षीस.

हे दोन्ही मी त्याला शब्दांत सांगितलं नाही, आईचा फोन हातात धरलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. तो पाच मिनिटांत ऑनलाइन आला, "आजीला झूम करायचं होतं??" आणि त्या रात्रीच त्याने ते बदललं. टॅप केलं की फोटो मोठा होतो, मत द्यायला खाली वेगळं बटण, दोन्ही फोटो एका स्क्रीनमध्ये मावतात, वर-खाली कोण ते दरवेळी चिठ्ठी टाकल्यासारखं. "सांगता येत नाही" हे तिसरं बटणही मी मागून घेतलं, कारण खरंच ठरत नसेल तर माणूस कंटाळून काहीतरी दाबतो आणि ते मत म्हणून मोजलं जातं.

बेरीज कशाची करायची

आता रँकिंग. त्याने सरळ एकूण मतं मोजली होती, ज्याला जास्त तो पहिला. पण यात कोण किती वेळा समोर आला ते कुठेच येत नाही, जो किल्ला तीन दिवस साइटवर आहे तो साठ वेळा दिसला आणि जो काल आला तो बारा वेळा. मी टक्केवारी काढ म्हटलं तर तो म्हणाला केली होती, पण मग दोनच वेळा दिसून दोनदा जिंकलेला किल्ला शंभर टक्के घेऊन पहिला येतो. बरोबर आहे त्याचं.

बुद्धिबळातलं एलो रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात सांगायची पद्धत, बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. आर्पाड एलो, हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यांची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये घेतली. त्यात तुम्ही कुणाला हरवलं याला किंमत आहे. सगळ्यांना सुरुवातीला सारखे गुण द्या, समजा १५००, आणि एका लढतीत जास्तीत जास्त ३२ गुण हलतील असं धरा. दोघे बरोबरीचे असतील तर जिंकणाऱ्याला १६ मिळतात आणि हरणाऱ्याचे १६ जातात. पण ४०० गुणांनी खाली असलेल्याने वरच्याला हरवलं तर त्याला साधारण २९, आणि वरचा अपेक्षेप्रमाणे जिंकला तर त्याला फक्त ३. फोटोंच्या जोड्यांनाही हे चालतं, आणि कोडच्या दहा-बारा ओळींत होतं, म्हणून भाचा खूश.

पण मी अडले एका ठिकाणी. एलो हे वर्षानुवर्षं खेळत राहणाऱ्या खेळाडूंसाठी आहे, त्यांचा खेळ बदलतो, म्हणून ताज्या निकालाला त्यात जास्त वजन. किल्ला पाच दिवसांत बदलत नाही (पाऊस आला तर गोष्ट वेगळी, आणि दिवाळीत तो हल्ली येतो). तीच मतं वेगळ्या क्रमाने आली तर एलोचे आकडे वेगळे येतात, म्हणजे शेवटच्या संध्याकाळी कोण ऑनलाइन होतं यावर नंबर हलणार. स्पर्धा संपल्यावर सगळी मतं एकत्र घेऊन एकदाच गुण काढायची पद्धत जुनी आहे, १९५२ ची, ब्रॅडली आणि टेरी या दोघांच्या नावाने ओळखतात. त्याच्याही आधी १९२७ मध्ये थर्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे मांडलं होतं की माणसाला एका गोष्टीला दहापैकी किती असं विचारण्यापेक्षा दोनातलं कोणतं असं विचारून त्याची आवड मोजता येते. आमच्या परीक्षकांचा अनुभव तोच, पहिल्या किल्ल्याला सात दिले की पुढे सगळं त्या सातच्या हिशोबात जातं.

पण हे शेवटी मोजायचं तर प्रत्येक मत जपून ठेवलेलं हवं, आणि इथे मला या साइटमधली सगळ्यात मोठी चूक सापडली जी स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हती. त्याच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक किल्ल्यापुढे फक्त एक आकडा होता, मत आलं की एक वाढवायचा. कुणाविरुद्ध जिंकला, कधी, वर होता की खाली, काहीच नाही. उद्या कुणाच्या वडिलांनी विचारलं की आमचा पाचवा कसा, तर दाखवायला काही नाही, आणि कुणी खोटी मतं टाकली तर ती वेगळी काढायला जागा नाही. मी त्याला म्हटलं बाकी काही नाही केलंस तरी चालेल पण हे कर, एक मत म्हणजे एक ओळ, दोन किल्ले, वर कोण, जिंकला कोण, वेळ. नंतर गणित कोणतंही लावता येतं, हरवलेलं मत परत आणता येत नाही.

किती मतं लागतील हा त्याचा पुढचा प्रश्न. ४८ किल्ल्यांच्या सगळ्या जोड्या म्हणजे ११२८, एका माणसाने तीन-तीन सेकंदांत दिल्या तरी जवळजवळ तास जातो, कुणी बसत नाही. घरच्यांना बसवलं तेव्हा पंधराएक जोड्यांनंतर हात आपोआप चालायला लागतो, बघणं थांबतं, हे मला तोंडावरून कळत होतं. म्हणून म्हटलं पंधरा झाल्या की "धन्यवाद, उद्या परत या" दाखव. आणि प्रत्येक किल्ला निदान तीस वेळा समोर यावा असं धरलं तर हिशोब फार सोपा निघतो, एका मतात दोन किल्ले दिसतात, पंधरा मतांत तीस दिसणं होतं, म्हणजे जितके किल्ले तितकी माणसं पुरे. हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला, तो हजारो लोकांची तयारी करत होता. फक्त जोडी निवडताना आत्तापर्यंत जो कमी वेळा दिसलाय त्याला आधी घ्यायचं.

शेअरचं बटण आणि आयपी

"शेअर करा, मतं मिळवा" यावर आमचं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं लोक शेअर केल्याशिवाय येणार कसे. माझं म्हणणं, दोन फोटोंच्या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदाच हा आहे की मत देणाऱ्याला कोणती जोडी येईल ते माहीत नसतं, काकाने पुतण्यासाठी साइट उघडली तरी पंधरा जोड्यांत पुतण्याचा किल्ला येईलच असं नाही, आणि बाकीच्या चौदांत तो प्रामाणिक मत देतो कारण तिथे त्याचं कुणी नाही. ते बटण मात्र शेअर करणाऱ्याचाच किल्ला पहिल्या जोडीत आणत होतं, म्हणजे जो फायदा फुकट मिळाला होता तो बटणाने घालवला आणि स्पर्धा कुणाचा फॅमिली ग्रुप मोठा यावर गेली. शेवटी बटण राहिलं, पण ते साइटची लिंक पाठवतं, किल्ल्याची नाही.

एका आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून) एकाच माणसाची मतं घ्यायची असं त्याने मधे टाकलं होतं, ते काढायला लावलं. आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे भरपूर ग्राहक ठेवतात, सोसायटीच्या वायफायचं तेच, त्यामुळे एका बिल्डिंगमधल्या पहिल्या माणसाने मत दिलं की बाकीचे बाहेर. ओटीपी लावला तर माझ्या आईसारख्या बायका तिथेच बंद करतात, त्यांना सतत सांगितलेलं असतं ओटीपी कुणाला देऊ नका, आणि ते योग्यच आहे. मग मतं येऊ द्यायची, अडवायची नाहीत, पण जोडी समोर आल्यावर एका सेकंदाच्या आत दिलेली मतं वेगळी ठेवायची आणि शेवटी ती धरून व न धरून दोन्ही निकाल बघायचे.

शेवटून पहिला

या सगळ्यात एक गोष्ट मी शोधली नाही, ती घडली. टेस्टिंगची लिंक ताईच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी पुढे ढकलली. तिथल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने रँकिंग उघडलं, गेल्या वर्षीचा स्वतःचा किल्ला शोधत खाली-खाली गेला आणि तो ४८ पैकी ४८ वा निघाला. तो ताईकडे येऊन उभा राहिला, "काकू, माझा शेवटचा का?" टेस्टिंगची मतं होती, त्यात काही अर्थ नव्हता, पण त्याला ते कसं सांगणार. यंदा किल्ला नाही करणार म्हणाला.

भाच्याने हे ऐकल्यावर मला काही बोलावं लागलं नाही, रँकिंगचा टॅब त्याने अर्ध्या तासात काढला. तो त्या मुलाच्या घरी जाऊन आला, त्याच्याबरोबर विटा लावल्या. त्यानंतर ठरलं की मतदान चालू असताना कुणालाच काही आकडा दिसणार नाही, संपल्यावर फक्त निवडलेले बारा, त्यांच्यातही क्रम नाही, आणि बाकी सगळे किल्ले मुलांच्या नावाने बाराखडीप्रमाणे. चालू निकाल लपवण्याचं दुसरंही कारण आहे, पुढे असलेल्याला लोक आणखी मतं देतात, पण खरं सांगायचं तर आम्ही ते त्या पोरासाठी केलं.

मुलांचा विषय निघालाच होता तर मी फोटोंकडे परत बघितलं. निम्म्या फोटोंत किल्ल्यामागे पोरं उभी, खाली पूर्ण नाव, सोसायटी, इयत्ता. काही फोटो कॅमेऱ्यातून जसेच्या तसे टाकलेले, ते डाउनलोड केले तर आत जागेचे अक्षांश-रेखांश होते, म्हणजे ते मूल कुठे राहतं ते कुणालाही नकाशावर दिसलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही माहिती गळून जाते, पण साइट मूळ फाइलच दाखवत होती. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल धरलंय आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी असं म्हटलंय. कायदा बाजूला ठेवला तरी या प्रकारच्या साइटचा इतिहास आठवावा, २००० मधली हॉट ऑर नॉट घ्या, किंवा २००३ मध्ये हार्वर्डमध्ये मार्क झुकरबर्गने केलेली फेसमॅश, दोन्हींत माणसांचे चेहरे तोलायला ठेवले होते, आणि फेसमॅशसाठी तर विद्यार्थ्यांना न विचारता वसतिगृहांच्या ऑनलाइन डिरेक्टरींतून फोटो उचलले होते, विद्यापीठाने ती बंद करायला लावली. फोटो कुणाचा आणि त्याला विचारलं का, हा प्रश्न या साइटींना जन्मापासून चिकटलेला आहे. त्यामुळे नियम केला की फोटोत माणूस नको, नाव फक्त पहिलं, पालकांच्या संमतीची चौकट, आणि अपलोड होतानाच फोटो १२०० पिक्सेलचा करून आतली माहिती पुसायची. लहान केल्याने साइटही पळायला लागली, आधी एकेक फोटो पाच-सहा एमबीचा होता आणि वीस जोड्यांत दोनशे एमबी डेटा जात होता. आडवे पडलेले फोटो, चौकोनात कापलेले बालेकिल्ले वगैरे किरकोळ होतं, ते त्याने त्याचं त्याने केलं.

मत नेमकं कशाला

सगळं झाल्यावरही एक गोष्ट खुपत होती. आदल्या वर्षीच्या फोटोंत एका वाड्यातला राजगड होता, बालेकिल्ला, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या जागच्या जागी, संजीवनीची दुहेरी तटबंदीसुद्धा केलेली. पण फोटो भर दुपारी काढलेला, मागे दोरीवर कपडे. समोर एक साधा किल्ला, संध्याकाळी पणत्या लावून चांगल्या कॅमेऱ्यातून काढलेला. आमच्या घरी पाचपैकी चौघांनी पणत्यांना मत दिलं. मीही दिलं, पहिल्यांदा. लोक फोटोला मत देत होते, आणि साइटला वाटत होतं किल्ल्याला देतायत.

यावर मी दोन गोष्टी सुचवल्या. फोटो सगळ्यांनी सारखे काढायचे, उजेड असताना, एक समोरून पूर्ण, एक वरून, एक जवळून आवडीच्या भागाचा, आणि साइटवर समोरचा समोरच्याशीच लावायचा. दुसरं म्हणजे प्रश्न बदल. "कोणता भारी" यात प्रत्येक जण मनातलं वेगळं उत्तर देतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्लेस पल्स नावाचं काम झालं, ५६ शहरांतल्या रस्त्यांचे फोटो दोन-दोन दाखवायचे, आणि त्यांनी सहा वेगळे प्रश्न ठेवले, कोणती जागा सुरक्षित वाटते, कोणती सुंदर, कोणती कंटाळवाणी असे, आणि एका वेळी एकच विचारायचा. मग आम्हीही दोन केले, "मूळ किल्ल्यासारखा कोणता वाटतो?" आणि "जास्त मेहनत कुठे दिसते?"

माझ्या सगळ्या गोष्टी त्याने ऐकल्या नाहीत. काळी पार्श्वभूमी मला नको होती, त्याने ठेवली, आणि मातीचा रंग तिच्यावर खरंच उठून दिसतो. मतांमध्ये "सांगता येत नाही" किती वेळा दाबलं ते लोकांना दाखव म्हटलं, त्याने नाही दाखवलं. ते त्याचं आहे, ठरवणार तोच.

धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत मतदान चाललं. ६२ किल्ले आले, चौदाशेच्या वर मतं. वर-खालीचा फरक तपासला तर जवळपास निम्मं-निम्मं निघालं, तेव्हा आम्ही दोघांनी फोनवर आरडाओरडा केला. एका फोनवरून शंभराच्या आसपास मतं आली होती, प्रत्येक मत सेकंदाच्या आत दिलेलं, ती काढून निकाल बघितला, बारांतले अकरा तेच राहिले. ही बारांची यादी परीक्षकांना क्रम न सांगता दिली, ते एका संध्याकाळी सगळीकडे जाऊन आले आणि प्रत्येक ठिकाणी मुलांशी बोलले. शिवाय प्रत्येक परीक्षकाने उरलेल्यांतून स्वतःच्या मनाने एक किल्ला घ्यायचा असं ठरवलं होतं, ते मी नाही, ताईने सुचवलेलं.

त्यातून एका परीक्षकाने जिंजी घेतला. साइटवर तो २७ वा होता. तीन वेगळ्या टेकड्या आणि त्यांना जोडणारी लांब तटबंदी, लोकांना वाटलं पोरांनी कशीही माती ओढलीय, मधे तुटलेलं आहे. "मूळ किल्ल्यासारखा कोणता" हा प्रश्न मी मोठ्या खात्रीने सुचवला होता, पण ज्याने जिंजी बघितलाच नाही तो काय उत्तर देणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग सगळ्यांना ओळखू येतात, त्यांना मतं पडली. तिथे परीक्षक वीस मिनिटं थांबले, सातवीतली मुलगी राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी बोट ठेवून दाखवत होती, राजाराम महाराज रायगडाहून निघून इथवर कसे पोचले ते सांगत होती. दुसरं बक्षीस जिंजीला गेलं.

आता पुढच्या दिवाळीसाठी भाच्याच्या मनात आहे की प्रत्येक जोडीवर मूळ किल्ल्याचा छोटा फोटो किंवा नकाशा ठेवायचा. जी पोरं मनानेच किल्ला करतात, ज्याला मूळ नाहीच, त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, बहुतेक त्यांचा वेगळा गट होईल. आणि त्या मुलीचं ऐकून त्याला वाटतंय की किल्ल्याखाली मुलांच्या आवाजात तीस सेकंदांची माहिती असावी. मी म्हटलं आवाज ही सुद्धा मुलाची माहिती आहे, पालकांना ते वेगळं विचार, आणि ऐकायचं बटण मताच्या बटणापासून लांब ठेव. गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा नवीन साइट आणणार आहे म्हणाला, आजीच्याच फोनवर आधी.